पाचशे मीटरच्या आतली माणसं

(कोल्हापुरात युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)



आजच्या पत्रकावर माझा विषय छापलाय, 'जिल्हा परिषद, घरकुलं आणि रस्ते'. तो वाचून मागच्या रांगेतले तिघं चहाला गेले, मी बघितलं. त्यांना दोष देत नाही. काल याच हॉलमध्ये कवितेवर बोलणं झालं तेव्हा दारात उभं राहायला जागा नव्हती. क्रांतीवर बोलायला माणूस पटकन मिळतो, गटारीवर बोलायला मिळत नाही. आणि आपल्या वस्तीतली म्हातारी सकाळी उठून पहिला पाय टाकते तो गटारीतच.

तुमच्यातले बहुतेक शहरात वाढले. कुणी सिद्धार्थनगरात, कुणी राजेंद्रनगरात, कुणी पुण्या-मुंबईच्या चाळीत. गावाकडं जाता ते मयताला, लग्नाला, नाहीतर १४ एप्रिलला. एसटीतून उतरता, गाव ओलांडता आणि वस्तीवर चालत जाता. ते चालणं किती आहे हे कुणी मोजलंय? हात वर करा. एकही नाही. मीही मोजलं नव्हतं. वयाची चाळिशी उलटल्यावर मोजलं. त्या मोजण्याची गोष्ट सांगायला मी आलोय.

माझ्या आत्तीला २०१८ साली घरकुल मंजूर झालं. रमाई आवास. ही योजना राज्य सरकारनं २००८ साली अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी सुरू केली. गावाचं नाव सांगत नाही, तालुक्याचंही नाही. नाव घेतलं की भांडण एका सरपंचाशी लागतं आणि मुद्दा राहतो बाजूला. तर घर मंजूर झालं. २६९ चौरस फूट. अनुदान १ लाख २० हजार, संडासाचे १२ हजार वेगळे. पंतप्रधान आवासचाही सपाट भागातला हिशोब त्या वेळी हाच होता, डोंगरी भागात दहा हजार जास्त. पैसे एकदम हातात पडत नाहीत. पाया झाला की एक हप्ता, भिंत वर आली की दुसरा. पाया कशानं घालायचा, तर उसनवारीनं.

आत्तीनं उसनवारी केली. वीटभट्टीवाल्याकडं गेली, पैसे मोजले. वीट घेऊन ट्रॅक्टर आला आणि चावडीपाशी थांबला. पुढं वाट नव्हती. म्हणजे वाट होती, बैलगाडीपुरती, एका बाजूला गावाची सगळी सांडपाण्याची गटार आणि दुसऱ्या बाजूला एका बागायतदाराचा बांध. तो बांध दर वर्षी वितभर सरकतो, बांधाला पाय असतात ते आमच्याकडंच. ट्रॅक्टरवाला म्हणाला, माझं चाक रुतलं तर तुम्ही भरून देणार काय? आणि ट्रॉली तिथंच उलटी केली.

आत्तीनं पदर खोचला. ती, तिची सून आणि शेजारच्या दोघी. डोक्यावर आठ-आठ विटा.

आता हिशोब ऐका, कागद असेल तर लिहून घ्या. चावडीपासून आत्तीच्या दारापर्यंत ३४० मीटर, हे मी नंतर टेपनं मोजलं. जाऊन येऊन ६८०. त्या घराला पाच हजार विटा लागल्या. आठची एक खेप, म्हणजे सव्वासहाशे खेपा. सव्वासहाशे गुणिले ६८० मीटर, झाले ४२५ किलोमीटर. कोल्हापूरहून मुंबई रस्त्यानं सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. म्हणजे चार बायकांनी मिळून, डोक्यावर विटा घेऊन आणि रिकाम्या परत येऊन, मुंबईच्याही पुढं मजल मारली, आणि गावाची शीव काही ओलांडली नाही. ह्या नुसत्या विटा. वाळू, खडी, सिमेंट, पत्रे, पाणी अजून धरलेलंच नाही. घरकुलाच्या अंदाजपत्रकात ह्या चालण्याला एक ओळसुद्धा नव्हती. रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी घराला जोडलेली असायची, ती बांधकामाची. वाहून आणलेल्या विटांची हजेरी कुणी लावायची?

मी आत्तीला म्हटलं, तक्रार करूया. ती म्हणाली, "आरं, घर मंजूर केलं न्हवं त्येंनी? मग वीट कुठनं न्याची त्ये बी सांगायचं हुतं की. इचार जाऊन."

विचारायला गेलो. हप्त्यासाठी घराचा फोटो काढायला एक साहेब यायचे. मोबाईलवर फोटो निघतो, त्याला अक्षांश-रेखांश चिकटतात, तो ऑनलाइन चढतो, मग पैसे सुटतात. साहेब चावडीपाशी मोटारसायकल लावून बूट हातात घेऊन वस्तीवर आले. मी म्हटलं, साहेब, तुमच्या फोटोत घर येतं, ह्या ३४० मीटरचा फोटो कुठं चढवायचा? ते हसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, घर माझ्याकडं आहे, रस्ता माझ्याकडं नाही.

मग रस्ता कुणाकडं आहे? हे शोधायला मला दोन वर्षं लागली. जे सापडलं ते सांगतो.

आपल्या देशात रस्त्यालाही वर्ण आहे. वर राष्ट्रीय महामार्ग, तो केंद्राचा. त्याखाली राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग, ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडं. त्याखाली इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, ते जिल्हा परिषदेकडं. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. प्रत्येक नोंदलेल्या रस्त्याला क्रमांक असतो. क्रमांक असला की त्याच्या नावानं पैसा येतो, टेंडर निघतं, डांबर पडतं, खड्डे पडतात, परत टेंडर निघतं. क्रमांक नसला की रस्ता नाही. तुम्ही त्यावरून शंभर वर्षं चालत असाल, आजा त्यावरून खांद्यावर गेला असेल, तरी कागदावर ती नुसती जागा. आमच्या गावाचा ग्रामीण मार्ग डांबरी सडकेवरून सुटतो आणि चावडीपाशी संपतो. ते ३४० मीटर कुणाच्याच यादीत नव्हते.

आता खरी मेख. २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट भागात पाचशेच्या वर लोकसंख्येची आणि डोंगरी भागात अडीचशेच्या वरची प्रत्येक वस्ती बारमाही रस्त्यानं जोडायची. चांगली योजना, मी नावं ठेवत नाही. आणि नियम लिहिणारानं शहाणपणानं एकक धरलं ते 'वस्ती'. गाव नाही, ग्रामपंचायत नाही. वाडी, पाडा, तांडा, वस्ती. वाचताना मला वाटलं, आला, आपला माणूस आला! पान उलटलं. पुढं लिहिलंय की न जोडलेली वस्ती कुणाला म्हणायचं, तर जी बारमाही रस्त्यापासून किंवा जोडलेल्या वस्तीपासून निदान ५०० मीटर लांब आहे तिला. आणि ५०० मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते.

कळलं का?

आपल्या पूर्वजांना गावापासून किती लांब ठेवलं होतं? सावली पडू नये इतकं लांब, आणि हाक मारली की ऐकू जाईल इतकं जवळ. मेलेलं ढोर ओढायला, सांगावा घेऊन जायला, रात्रीची राखण करायला हाताशी असला पाहिजे ना महार! हे अंतर बहुतेक गावांत दोन-तीनशे, फार तर चारशे मीटर भरतं. म्हणजे शिवाशिवीनं ठरवलेलं अंतर दिल्लीच्या नियमात अलगद बसलं. ५०० मीटरच्या आत, म्हणून आम्ही 'जोडलेले'. लोकसंख्या भरायची असेल तेव्हा आमची डोकी गावात मिळवायची आणि रस्ता आला की तो चावडीवर थांबवायचा. मोजायला आम्ही, चालायला ते.

नियम करणाऱ्यानं जातीयवादानं केला असं मी म्हणत नाही. त्यानं बहुधा एवढाच विचार केला असेल की पाचशे मीटर माणूस चालतो की. चालतो. प्रश्न एवढाच, की डोक्यावर काय घेऊन चालतो, पायाखाली काय असतं, आणि बाळंतपणाच्या कळा येत असताना रात्री दोन वाजता पावसात तो चालतो का. १०८ ची गाडीही चावडीपाशीच थांबते.

कचेरीत हे बोललं की ठरलेलं उत्तर मिळतं, "तुमची योजना वेगळी आहे." आहे बाबा. दलित वस्ती सुधार योजना सत्तरच्या दशकापासून चालू आहे. आता तिचं नाव लांबलचक झालंय, अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे. वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणं रक्कम ठरते, जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग ती बघतो. शिवाय जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के आणि ग्रामपंचायतीनं १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असा दंडक आहे. ह्या १५ टक्क्यांचं काय होतं ते गावात जाऊन बघा. सतरंज्या, स्पीकर, स्वयंपाकाची भांडी. आपल्या लग्नात जेवणारांना वाढायला मोठी पातेली आहेत, वऱ्हाड यायला वाट नाही.

आणि वस्तीच्या नावावरचा रस्ता? आमच्याकडं एकदा तोही मंजूर झाला होता. काम पूर्ण झालं, बिल निघालं, पाटी लागली. रस्ता मात्र गावातल्या एका पुढाऱ्याच्या दारापासून त्याच्या मळ्यापर्यंत गेला. विचारलं तर म्हणाले, वस्तीच्या अंगावरून जातो की. अंगावरून जातो हे खरंय.

'वेगळी योजना' ह्या शब्दांत जी गंमत आहे ती ध्यानात घ्या. वेगळा पाणवठा, वेगळी मसणवट, तशी वेगळी योजना. आमच्यासाठी समाजकल्याण आणि बाकी सगळ्यांसाठी बांधकाम खातं. समाजकल्याण समितीचं सभापतिपद मागासवर्गीयांसाठी असतं. त्या खुर्चीत आपला माणूस बसतो, गळ्यात हार पडतो. बांधकामाच्या खुर्चीसाठी कशा मारामाऱ्या होतात आणि का होतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वेगळ्या निधीला माझा विरोध नाही, तो बाबासाहेबांच्या लढ्यातून मिळालेला हक्क आहे. पण तो वरची भर म्हणून असला पाहिजे. आमचा वाटा काढून घेऊन त्याच्या बदल्यात नव्हे.

थोडं मागं जातो. वतनदार महाराच्या कामात एक काम होतं, परक्या वाटसरूला आणि सरकारी अंमलदाराला वाट दाखवायची. गावाची शीव, पांदी, पायवाटा सगळ्यात जास्त ज्याला माहीत, त्यालाच स्वतःची वाट नाही! शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द केलं आणि ती जमीन रयतावा करून माणसाच्या नावावर केली. एवढ्या एका गोष्टीसाठी आपण दसरा चौकातल्या त्या पुतळ्यापुढं उभं राहतो. दोन वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांकडं बोट दाखवून सांगितलं की हा तुमचा पुढारी. ती परिषद खेड्यात झाली. आपले आजचे मेळावे शहरातच का होतात, हाही एक प्रश्नच आहे, पण तो परत कधी.

बाबासाहेबांनी ग्रामपंचायतीचं काय होणार हे आधीच ओळखलं होतं. पुणे करार सप्टेंबर १९३२ चा. त्यानंतर पंधरा दिवसही झाले नव्हते, ६ ऑक्टोबरला, मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतीच्या बिलावर ते बोलायला उभे राहिले. गावात अस्पृश्य मूठभर, तेव्हा राखीव प्रतिनिधित्वाशिवाय पंचायतीला अधिकार देणं म्हणजे त्यांना गावाच्या ताब्यात देणं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढं १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सत्तेचं विकेंद्रीकरण झालं म्हणून ढोल वाजले. सत्ता खाली आली हे खरं. मुंबईहून निघाली आणि ज्यांच्या हातात ऊस, सोसायटी, कारखाना आणि दूध संघ होता त्यांच्या ओसरीवर येऊन बसली. तिथून वस्तीपर्यंत यायला तिलाही तेच ३४० मीटर आडवे आले. सरपंचपदाचं आणि सदस्यत्वाचं आरक्षण घटनेत यायला ७३ वी दुरुस्ती लागली, ती अमलात आली एप्रिल १९९३ मध्ये. बाबासाहेब बोलल्यानंतर साठ वर्षांनी. आणि कोल्हापूर जिल्हा परिषदेत तर मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ निवडून आलेलं कुणीच नव्हतं, प्रशासक होता. आरक्षणानं मिळालेली खुर्ची त्या काळात रिकामीच.

आता जागेचं. घरकुल मंजूर झालं तरी जागा पाहिजे, आणि ती तुमच्या नावावर पाहिजे. आपल्या वस्त्या गावठाणाच्या कडेला चिमटीत धरल्यासारख्या. एका खोलीची चार भावांत वाटणी, आणि आठ-अच्या उताऱ्यावर अजून आज्याचं नाव. आज्याला जाऊन तीस वर्षं झाली, मंजुरीच्या कागदावर सही करायला तो येणार कुठनं? यादीत नाव असलेली कितीतरी माणसं 'जागा नाही' ह्या शेऱ्याखाली गारद होतात. सरकारनं दीनदयाळ उपाध्यायांच्या नावानं जागा खरेदीला मदतीची योजना काढली, ५०० चौरस फुटांसाठी, आणि मदत सुरुवातीला होती ५० हजारांपर्यंत. पण ऊसपट्ट्यात रस्त्याकडेची गुंठाभर जमीन तेवढ्यात कोण देईल? आणि देणारा निघाला, तरी आपल्याला देईल?

मग माणूस गायरानात जातो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो ह्याच जमिनींसाठी. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून सांगितलं. त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना सरकारी हुकमानं पट्टे दिले असतील, तर अशा अपवादात नियमित करता येईल, असंही म्हटलंय. २०२२ साली राज्यभर गायरानातल्या घरांवर टांगती तलवार आली तेव्हा कोल्हापुरातही माणसं रस्त्यावर उतरली. त्या गर्दीत सगळ्या जातींची माणसं होती, ते चांगलंच झालं. पण निकालातली ही अपवादाची ओळ किती जणांनी वाचली होती? वाचा रे पोरांनो. कविता वाचता तसे निकालही वाचा. कधीकधी आपलं घर एका उपवाक्यावर उभं असतं.

महामार्गावर थोडंच बोलतो, कारण महामार्गाला आपली वस्ती लागतच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं, जुना चार नंबर, आताचा अठ्ठेचाळीस. वाहतूक कित्येक दिवस बंद. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. अख्ख्या महाराष्ट्राला कळलं. कळायलाच पाहिजे, दूध अडलं, भाजी अडली, माणसं अडकली. आमची वाट मात्र दर जून ते सप्टेंबर बंद असते आणि त्याची बातमी येत नाही, कारण त्या वाटेवर अडणारं दूध आमचं नसतं. आम्ही स्वतःच अडतो.

आणि शक्तिपीठ महामार्ग. नागपूर ते गोवा, आठशे किलोमीटरच्या वर. २०२४ साली कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध जी झुंज दिली तिला माझा पाठिंबा आहे, बागायत जमीन अशी कुणी काढून घेऊ नये. फक्त त्या मोर्चात मी एक प्रश्न मनात घेऊन चाललो. ज्याची जमीन जाते त्याच्याजवळ सातबारा असतो, त्याला निदान मोबदल्याचा आकडा विचारता येतो. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या भांगलण करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाईकडं काय असतं? तिचा विळा कुठल्या उताऱ्यावर चढवायचा? माझ्या बाजूला चालणाऱ्या एका शेतकऱ्याला हे विचारलं. भला माणूस होता. बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "हे आम्ही धरलंच नव्हतं." निदान खरं बोलला.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, बौद्धवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पाटी लागली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. पाटी मात्र चावडीपाशी लागली, बाण काढून. पावसाळ्यात त्या बाणाच्या दिशेनं बघितलं की गुडघाभर चिखल. आत्ती म्हणाली, "नाव समतानगर ठेवलंय, आता समता तेवढी आत आणा. ट्रॅक्टरनं न्हाई आली तर डोस्क्यावनं आणू."

आता घरचा आहेर. त्या मळ्याच्या रस्त्याचा पोटठेकेदार आपल्यातलाच होता. निळा फेटा बांधून जयंतीच्या मिरवणुकीत पुढं नाचणारा. मोजमाप पुस्तकात खोटं मोजमाप लिहिलं गेलं तेव्हा समितीत आपला सदस्य होता, त्यानं हात वर केला. ग्रामसभेत आपली माणसं जात नाहीत, गेली तर मागं उभी राहतात, आणि वही फिरते तेव्हा अंगठा उठवतात. मी स्वतः एकोणीस वर्षं गावच्या ग्रामसभेला गेलो नव्हतो. शहरात बसून खेड्याला शिव्या घालत होतो. बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हणून सांगितलं, ते खरंच सांगितलं. पण सोडून आलेल्यांनी मागं राहिलेल्या बाईच्या डोक्यावरच्या विटा मोजू नयेत असं काही सांगितलेलं नाही.

त्या हिशोबानंतर मी माहितीच्या अधिकारात तीन कागद मागवले. रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची नक्कल आणि काम पूर्णत्वाचा दाखला. पहिल्या अर्जाला उत्तर नाही. अपील केलं, तेव्हा आले. अंदाजपत्रकात लिहिलं होतं 'चावडी ते बौद्ध वस्ती', लांबी ३४० मीटर. अगदी तंतोतंत! कागदावर आमची वाट कुणीतरी टेपनं मोजली होती, खडी पसरली होती, रोलर फिरवला होता, पैसेही घेतले होते. फक्त जमिनीवर काही नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. वाट किती आहे हे न मोजलेले आम्हीच एकटे.

येत्या ग्रामसभेत आम्ही वस्तीतल्या बायका पुढं बसवणार आहोत. तीन कागद सोबत असतील आणि सभेनंतर सगळ्यांसमोर चावडीपासून टेप लावायची आहे. ठरावाच्या वहीत दोन गोष्टी लिहून घ्यायच्या, ह्या वाटेला ग्रामीण मार्गाचा क्रमांक मिळावा आणि आधीच्या कामाची चौकशी व्हावी. लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही. गावातली चार पोरं आहेत बरोबर, त्यातली दोन मराठ्यांची आहेत, हेही सांगून ठेवतो. भांडण होईल का? होईल. एक टोक आत्ती धरणार आहे. दुसरं टोक धरायला, फोटो काढायला आणि वहीत काय लिहितात त्यावर नजर ठेवायला लिहिता-वाचता येणारी माणसं पाहिजेत, सकाळी आठच्या एसटीला स्टँडवर.

चहाला गेलेले ते तिघं परत आलेत, बरं झालं. नावं सांगा रे, लिहून घेतो.